‘कन्व्हिन्सिंग’ कुठं म्हणायचं, कुठं नाही: नव्यानं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला असणारा एक मुलगा माझ्या संध्याकाळच्या क्लासला येतो. गेल्या पावसाळ्यात एकदा तास सुरू व्हायच्या आधीच त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "सर, ह्यो कस्टमर काय म्हंतोय बघा की. आमचं म्हणणं त्याला पटंना, का आमचं इंग्लिश त्याला कळंना?" स्क्रीनवर गिऱ्हाइकाची एकच ओळ होती: ‘युअर रूट कॉज इज नॉट कन्व्हिन्सिंग.’ रूट कॉज म्हणजे दोषाचं मूळ कारण. तिच्या खाली त्यानं स्वतः आदल्या दिवशी पाठवलेली ओळ: ‘वुई आर कन्व्हिन्सिंग दॅट अवर प्रोसेस इज ओके.’

शब्द दोन्हीकडं एकच. गिऱ्हाइकानं तो बरोबर वापरला होता, ह्यानं चुकीचा. त्या दिवशीचा सगळा तास या एका शब्दावर गेला. नंतर माझ्या लक्षात आलं की नव्यानं इंग्रजी बोलणारे जवळपास सगळेच इथं अडखळतात, कारण ‘कन्व्हिन्स’ हा शब्द आपण मराठीतही रोज वापरतो आणि तो आपल्याला येतोच असं धरून चालतो. म्हणून तो तास इथं लिहून काढतोय. एका बैठकीत सगळं वाचलंच पाहिजे असं नाही. रोज एक पायरी केलीत तरी चालेल.

पायरी १: आधी तोंडात बसवा

स्पेलिंग दहा अक्षरांचं आहे: सी, ओ, एन, व्ही, आय, एन, सी, आय, एन, जी. ‘कन्व्हिन्स’च्या शेवटचा ई ‘आयएनजी’ लागताना गळतो. म्हणताना जोर मधल्या ‘व्हिन्’वर द्यायचा. आपण मराठी माणसं तिन्ही तुकडे सारख्या वजनानं म्हणतो, त्यामुळं शब्द सपाट ऐकू येतो. पहिला ‘कन्’ हलका सोडून द्या आणि ‘व्हिन्’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. पाच-दहा वेळा मोठ्यानं म्हणा आणि पुढं चला.

पायरी २: काय पटलं आणि कुणाला पटलं

ही पायरी नीट समजली की निम्मं काम झालं.

‘कन्व्हिन्सिंग’ म्हणजे पटणारं, खात्री पटवणारं. आता आपण मराठीत कसं बोलतो ते बघा: ‘मला तुझं म्हणणं पटलं.’ इथं पटण्याचं काम ‘म्हणणं’ करतंय, आणि ज्याला पटलं तो ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. इंग्रजीतही या दोघांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. जी गोष्ट पटते ती ‘कन्व्हिन्सिंग’. ज्या माणसाला ती पटली तो ‘कन्व्हिन्स्ड’.

‘युअर आन्सर इज कन्व्हिन्सिंग.’ तुमचं उत्तर पटण्यासारखं आहे.
‘आय अॅम कन्व्हिन्स्ड.’ मला पटलं.

फाउंड्रीच्या मुलाला सांगायचं होतं, की आमची प्रोसेस ठीक आहे अशी आमची खात्री आहे. म्हणजे ‘वुई आर कन्व्हिन्स्ड’ हवं होतं. त्यानं लिहिलं ‘वुई आर कन्व्हिन्सिंग’. त्याचा अर्थ निघतो, की आम्ही फार पटण्यासारखे लोक आहोत, किंवा आम्ही कुणाला तरी पटवत बसलो आहोत. हीच चूक ‘बोरिंग’ आणि ‘बोअर्ड’मध्ये होते. कंटाळलेला विद्यार्थी ‘आय अॅम बोरिंग’ म्हणतो, तेव्हा नकळत तो स्वतःलाच कंटाळवाणा म्हणवून घेत असतो.

गोंधळ उडाला की मनातल्या मनात मराठी वाक्य करा. इंग्रजी वाक्याचा कर्ता मराठीत ‘मला, त्याला, साहेबांना’ असा होत असेल तर ‘कन्व्हिन्स्ड’ घ्या. ‘म्हणणं, कारण, पुरावा, हिशेब’ असा होत असेल तर ‘कन्व्हिन्सिंग’. माझ्या वर्गात राधानगरीकडून येणाऱ्या एका मुलीनं वहीच्या पुठ्ठ्यावर दोनच शब्द लिहून ठेवलेत: ‘मला’ आणि ‘म्हणणं’. तिचं आता कधी चुकत नाही.

मग माणूस कधीच ‘कन्व्हिन्सिंग’ नसतो का? असतो, पण पटवणारा तोच असेल तेव्हा. नाटकाचं उदाहरण घेऊ. आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहात एखादा हौशी नट म्हाताऱ्याची भूमिका करायला उभा राहिला आणि पाच मिनिटांत त्याचं खरं वय तुम्ही विसरलात, तर म्हणा, ‘ही वॉज कन्व्हिन्सिंग अॅज अॅन ओल्ड मॅन.’ म्हातारा म्हणून तो पटला. नाटक-सिनेमाबद्दल बोलताना हा शब्द सतत लागतो. (ऑगस्ट २०२४ मध्ये ते नाट्यगृह आगीत जळालं तेव्हा गावातली कितीतरी माणसं रडली. वर्गात त्याचं नाव निघालं की आजही मिनिटभर कुणी बोलत नाही.)

पायरी ३: शब्दाच्या पोटातली कुस्ती

हा भाग मी कोल्हापुरात शिकवतो म्हणून मला जास्त आवडतो.

‘कन्व्हिन्स’ आला लॅटिनमधून. त्यात ‘विन्केरे’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ जिंकणं. ज्यूलियस सीझरचं ‘आलो, पाहिलं, जिंकलं’ हे वाक्य शाळेत ऐकलेलं असतं. त्यातला ‘जिंकलं’ हा शब्द याच क्रियापदाचा. ‘व्हिक्टरी’ त्याच घरातला, ‘इन्व्हिन्सिबल’ म्हणजे अजिंक्य हाही तिथलाच. समोरच्याचं म्हणणं वादात पाडायचं, त्याला हरवायचं, हा ‘कन्व्हिन्स’चा मूळ भाव होता. म्हणजे ही बोलण्यातली कुस्ती झाली.

हे लक्षात राहिलं की पेपरातला एक प्रयोग आपोआप उलगडतो. खेळाच्या पानावर ‘अ कन्व्हिन्सिंग विन’ असं छापलेलं असतं. नवा वाचक तिथं ‘पटणारा विजय’ असा अर्थ लावतो आणि कोड्यात पडतो. त्याचा अर्थ आहे दणदणीत विजय, एकतर्फी विजय, ज्यावर कुणी शंका घेऊ शकत नाही. शाहू स्टेडियमवर तालमीच्या दोन संघांची फुटबॉल मॅच ४-० झाली तर ‘दे वन कन्व्हिन्सिंगली’. टायब्रेकरवर सुटली तर तो शब्द वापरायचा नाही, तिथं ‘अ नॅरो विन’ म्हणायचं. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला लागत नाही. पाठ मातीला लागून चितपट झाली तर ‘कन्व्हिन्सिंग’. गुणांवर सुटली आणि घरी जाताना लोक अजून वाद घालत असतील तर नाही.

वादालाही हेच माप लावा. ऐकणाऱ्याच्या मनात ‘पण’ उरला असेल, तर तुमचं कारण अजून ‘कन्व्हिन्सिंग’ झालेलं नाही.

त्याच मुळातून ‘कन्व्हिक्ट’ही निघाला, म्हणजे कोर्टात दोषी ठरलेला. ‘कन्व्हिक्शन’चे दोन अर्थ आहेत: एक दोषसिद्धी, दुसरा मनातली ठाम श्रद्धा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, त्यामुळं इथल्या इंग्रजी बातम्यांत पहिला अर्थ आता जास्त भेटेल. ‘शी स्पोक विथ कन्व्हिक्शन’ यात मात्र कोर्टाचा संबंध नाही, ती मनापासून ठामपणे बोलली एवढंच.

पायरी ४: गुळाचा शब्द आणि हाकण्याचा शब्द

‘कन्व्हिन्सिंग’च्या शेजारी दोन शब्द राहतात आणि तिघांची अदलाबदल होते.

पहिला ‘पर्स्वेसिव्ह’. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘सल्ला देणं’ या अर्थाच्या क्रियापदात आहे, आणि ते क्रियापद ‘गोड’ या अर्थाच्या शब्दाच्या कुळातलं. इंग्रजी ‘स्वीट’ आणि आपला संस्कृत ‘स्वादु’ही त्याच कुळातले. म्हणून मी वर्गात सांगतो, ‘कन्व्हिन्सिंग’ तालमीतला आणि ‘पर्स्वेसिव्ह’ गुळाच्या सौद्यातला. ‘पर्स्वेसिव्ह’ माणूस तुम्हाला गोडीगुलाबीनं, समजावून, मन वळवून कामाला लावतो. चप्पल लाइनमधला दुकानदार "ताई, एकदा पायात घालून तर बघा, घेऊ नका" म्हणतो आणि आपण दोन जोड घेऊन बाहेर पडतो. तो ‘पर्स्वेसिव्ह’.

फरक असा लक्षात ठेवा. एकात डोक्याला पटतं, दुसऱ्यात हातून काम होतं. मला कळलं की हे खरं आहे: ‘आय वॉज कन्व्हिन्स्ड दॅट इट वॉज ट्रू.’ मी तयार झालो, गेलो, घेतलं: ‘ही पर्स्वेडेड मी टू बाय इट.’ ‘कन्व्हिन्स’च्या पुढं ‘दॅट’ किंवा ‘ऑफ’ येतो, ‘पर्स्वेड’च्या पुढं ‘टू’. आजकाल ‘कन्व्हिन्स्ड मी टू गो’ असंही सर्रास म्हणतात आणि शब्दकोशही ते मान्य करतात. तरी नव्या माणसानं सुरुवातीला ही वाटणी पाळावी, असं माझं ठाम मत आहे. दोन शब्द वेगळे बसले की पुढं मोकळेपणानं मिसळता येतात. एकदा मिसळून बसले की वेगळे करणं अवघड जातं.

दुसरा ‘कम्पेलिंग’. याचं मूळ आहे हाकणं, ढकलणं. ‘प्रोपेलर’मध्ये तेच ढकलणं आहे, आणि शाळेत ज्या शब्दानं आपल्याला छळलं तो ‘कंपल्सरी’ त्याचाच भाऊ. ‘कम्पेलिंग रीझन’ म्हणजे असं कारण की दुसरा रस्ताच उरत नाही. ‘कम्पेलिंग स्टोरी’ म्हणजे जी अर्ध्यात सोडवत नाही. ही वजनदार भाषा आहे. रजेच्या अर्जात ‘कम्पेलिंग रीझन’ लिहायचं असेल तर कारण खरोखर तेवढं मोठं असू द्या.

पायरी ५: ‘केलं’ आणि ‘करत होतो’

मराठीत आपण म्हणतो, ‘मी त्याला दोन तास कन्व्हिन्स केलं, पण तो ऐकेना.’ आपल्या कानाला यात काही खटकत नाही, कारण आपण ‘कन्व्हिन्स करणं’ हे ‘समजावणं’ या अर्थानं घेतलंय. समजावणं तुमच्या हातात असतं, समोरच्याला पटो न पटो.

इंग्रजीत तसं नाही. ‘आय कन्व्हिन्स्ड हिम’ म्हटलंत की काम झालं, त्याला पटलं, कुस्ती संपली. पुढं ‘बट ही डिड नॉट अॅग्री’ जोडलंत तर वाक्य स्वतःलाच खोटं पाडतं. म्हणून पटलं नसेल तिथं ‘ट्राइड टू’ घाला: ‘आय ट्राइड टू कन्व्हिन्स हिम फॉर टू अवर्स.’ मी दोन तास खटपट केली. फाउंड्रीतला मुलगा हे ऐकून म्हणाला, "म्हंजे आमच्या साहेबांनी रिपोर्टात लिवलंय ‘कस्टमर कन्व्हिन्स्ड’, त्ये खोटं झालं की ओ!" गिऱ्हाइकानं होकार दिलेला नव्हता, साहेबांनी फक्त फोनवर बाजू मांडली होती. अशा ठिकाणी हा शब्द महागात पडू शकतो. इंग्रजी वाचणारा माणूस तो होकार समजतो.

पायरी ६: बायोडेटातली ‘कन्व्हिन्सिंग पॉवर’

कॉलेज संपवून नोकरी शोधणारी मुलं मला बायोडेटा दाखवतात. त्यात एक ओळ ठरलेली: ‘गुड कन्व्हिन्सिंग पॉवर’. आपल्याकडं मुलाखत घेणाऱ्याला ती कळते, कारण त्यानंही कधीतरी तेच लिहिलेलं असतं. बाहेरच्या माणसाला मात्र ती अडखळवते, कारण ‘कन्व्हिन्सिंग’ हे समोर आलेल्या गोष्टीचं वर्णन आहे, आपल्या अंगच्या गुणाचं नाव नाही. तिथं ‘पर्स्वेसिव्ह’ ठेवा: ‘आय अॅम अ पर्स्वेसिव्ह स्पीकर’, किंवा ‘पर्स्वेजन स्किल्स’.

माझं ऐकाल तर ही ओळच काढा. त्या जागी केलेलं काम लिहा. ‘बचत गटाच्या बायकांना ऑनलाइन पेमेंट घ्यायला तयार केलं’ हे इंग्रजीत साध्या शब्दांत लिहिलंत की मुलाखत घेणारा स्वतःच मनात म्हणेल, ‘कन्व्हिन्सिंग’.

पायरी ७: नाही पटलं, हे कसं सांगायचं

उलटा शब्द ‘अनकन्व्हिन्सिंग’. बोलताना ‘नॉट व्हेरी कन्व्हिन्सिंग’ जास्त चालतं. तुलना करताना ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लावायचं, शेवटी ‘-अर’, ‘-एस्ट’ जोडायचं नाही. ‘हार्डली कन्व्हिन्सिंग’ हे जरा बोचरं आहे, म्हणजे कसलं पटतंय, असा सूर येतो. ते नव्या माणसानं वाचून समजावं, वापरायची घाई करू नये.

वरिष्ठांना किंवा गिऱ्हाइकाला सांगायचं असेल तर एक रीत फार उपयोगी आहे: दोष त्यांच्या म्हणण्याला न देता ‘मला अजून पटलेलं नाही’ असं म्हणायचं. ‘युअर रीझन इज नॉट कन्व्हिन्सिंग’ हे तोंडावर मारल्यासारखं लागतं. ‘आय अॅम नॉट फुली कन्व्हिन्स्ड येट’ म्हटलं की दार उघडं राहतं. मराठीत आपणही मोठ्यांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणत नाही, ‘मला जरा वेगळं वाटतंय’ म्हणतो. तोच मोठ्यांचा मान इंग्रजीतही ठेवता येतो.

पायरी ८: पटणारं सगळं खरं नसतं

‘कन्व्हिन्सिंग’मध्ये खरेपणाची हमी नाही. ‘अ कन्व्हिन्सिंग लाय’ म्हणजे खरी वाटावी अशी थाप, ‘अ कन्व्हिन्सिंग फेक’ म्हणजे हुबेहूब नक्कल.

कोल्हापुरी चपलेचंच बघा. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. अस्सल चप्पल चामड्याची असते, शिवायलाही चामड्याचीच वादी, खिळा नाही. बाजारात तशाच रंगाच्या, तशाच वेणीच्या रेक्झिनच्या चपला मिळतात, आणि लांबून बघणाऱ्या पर्यटकाला त्या ‘कन्व्हिन्सिंग’ वाटतात. हातात घेऊन तळ बघितला, वास घेतला, टाका तपासला की मग ‘इट इज नॉट कन्व्हिन्सिंग एनी मोअर’. म्हणून ‘लुक्स कन्व्हिन्सिंग’, ‘साउंड्स कन्व्हिन्सिंग’ हे प्रयोग शिकून ठेवा. दिसायला पटतंय, ऐकायला पटतंय, अजून तपासलेलं नाही, एवढंच त्यात म्हटलेलं असतं.

आता त्या मेलकडं परत येतो. मुलाला विचारलं, रूट कॉज म्हणून काय लिहिलं होतंस? ‘ऑपरेटर निग्लिजन्स.’ कास्टिंगमध्ये ब्लो होल आले होते, बारीक पोकळ्या, आणि दोष टाकला मोल्डिंगवाल्याच्या, म्हणजे वाळूचा साचा करणाऱ्याच्या, हलगर्जीपणावर. मी त्याला एवढंच म्हटलं, की हे वाचून माझ्या मनात लगेच ‘पण’ येतो. तो माणूस दोन्ही शिफ्टला तोच असेल, तर पोकळ्या एकाच शिफ्टला का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, पावसात वाळू ओली येती सर, ओलावा वाढला की वितळलेलं लोखंड ओतताना वाफ धरती, आणि ती बाहेर पडायला जागा नसली की पोकळी राहती. ओलाव्याचे आकडे रजिस्टरात रोजच्या रोज लिहिलेले होते. मेलमध्ये त्यातला एकही नव्हता.

तासाला बसल्या बसल्या त्यानं मेल नव्यानं लिहिला. पहिल्या ओळीत त्या आठवड्यातले ओलाव्याचे आकडे, शिफ्टवार. दुसऱ्या ओळीत ज्या शिफ्टला आकडा चढला त्याच शिफ्टला सापडलेले खराब नग. तिसरी ओळ: ‘वुई आर कन्व्हिन्स्ड दॅट हाय सँड मॉइश्चर कॉज्ड द ब्लो होल्स.’ इंग्रजी साधंच होतं, एका ठिकाणी ‘द’ राहिलेला होता, मी तो मुद्दाम दाखवला नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं आणि त्यानं तेही वर्गात वाचून दाखवलं: ‘द कॉज लुक्स कन्व्हिन्सिंग. प्लीज शेअर करेक्टिव्ह अॅक्शन.’ कारण पटण्यासारखं दिसतंय, आता त्यावर उपाय काय करताय ते कळवा. सगळ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच विचारलं, "सर, ‘लुक्स’ म्हणालाय. म्हंजे अजून तपासणार हाय न्हवं?" फाउंड्रीचा मुलगा वही उघडून पुढचा मेल लिहायला बसलाच होता.